नकाशाच्या टाइल्स जोडल्या की सांध्यावर पांढरी रेघ येते: कारण आणि उपाय

छापलेल्या नकाशात मासुंदा तलावाच्या पाण्यात, गडकरी रंगायतनच्या बाजूला, एक बारीक पांढरी उभी रेघ दिसत होती. आमच्या भागातले काही जण दरवर्षी पावसाळा संपला की ठाण्यातल्या तलावांची पायी फेरी काढतात आणि तिचा नकाशा मी करून देते. वाटायला ए-थ्री कागद, आणि तीच फाईल मोठी करून तीन फूट रुंदीचा एक बोर्ड. बोर्ड उभा केल्यावर एका काकांनी रेघेवर बोट ठेवून विचारलं, "ही हद्द कसली दाखवलीय?"

हद्द नव्हती. नकाशाच्या दोन टाइल्समधला, म्हणजे नकाशा ज्या छोट्या चौकोनी चित्रांत कापलेला असतो त्यांतल्या दोघांमधला, तो सांधा होता. पण नकाशावरची रेघ बघणाऱ्याला कधीच निरर्थक वाटत नाही. ती रस्ता असते, नाला असते, नाहीतर हद्द. त्यामुळे फोटोच्या कोलाजमध्ये चालून जाणारा हा दोष नकाशात चालत नाही. त्यानंतर हीच तक्रार घेऊन माझ्याकडे इतके जण आले, की सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आधी रेघ खरी आहे का ते बघा. फोटोशॉपमध्ये ३३ किंवा ६६ टक्क्यांवर बरेच लेयर्स एकत्र दिसत असताना सांध्यावर रेघा चमकतात आणि १०० टक्क्यांवर गायब होतात. त्या पडद्यापुरत्या असतात, फाईलमध्ये नसतात. नेहमी १०० टक्क्यांवर तपासा. तिथेही रेघ दिसली तर सगळ्यात खाली एक नवा लेयर घ्या आणि तो भडक गुलाबी रंगाने भरा. रेघ गुलाबी झाली की समजायचं, सांध्यात फट आहे आणि तिच्यातून खालचं दिसतंय. रेघ पांढरीच राहिली तर ती टाइलच्या चित्रातच आहे, म्हणजे टाइल बनवतानाच काही चुकलंय. माझ्याकडे आलेल्या बहुतेक फायलींत रेघ गुलाबी झाली.

ही फट येते कुठून? माझ्याच फाईलचं उदाहरण घेते. वेबवरच्या नकाशाची साधी टाइल २५६ बाय २५६ पिक्सेलची असते. माझ्याकडे आडव्या १० आणि उभ्या १४ अशा १४० टाइल्स होत्या. ए-थ्री उभा कागद ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३५०८ पिक्सेल रुंद होतो. दहा टाइल्सची रुंदी २५६० भरते, म्हणजे १.३७ पट वाढवायला हवं. मी टाइल्स लेयर म्हणून आणल्या, सगळ्या निवडल्या आणि एकदम १३७ टक्के केल्या. इथेच चूक झाली.

२५६ ला १.३७ ने गुणलं की येतात ३५०.७२. पिक्सेल मात्र पूर्णच असतो. पहिली टाइल ३५० पिक्सेल पूर्ण भरते आणि ३५१ वा पिक्सेल फक्त ७२ टक्के. त्याच पिक्सेलचे उरलेले २८ टक्के दुसऱ्या टाइलकडे येतात. ७२ आणि २८ मिळून १०० होतात, मग फट राहायलाच नको, असं कुणालाही वाटेल. पण लेयर्सची बेरीज अशी होत नाही. वरचा लेयर २८ टक्के झाकतो. राहिलेल्या ७२ टक्क्यांपैकी खालचा लेयर ७२ टक्के झाकतो. ०.७२ गुणिले ०.२८, म्हणजे सुमारे २० टक्के जागा उघडी राहते आणि तिच्यातून पांढरा कागद दिसतो.

पुढचा सांधा ७०१.४४ वर येतो. तिथे वाटणी ४४ आणि ५६ अशी, म्हणजे जवळजवळ २५ टक्के उघडं. त्याच्या पुढचा १०५२.१६ वर, तिथे फक्त १३ टक्के. काही रेघा ठळक आणि काही पुसट का दिसतात, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. उत्तर या आकड्यांत आहे. मासुंदाच्या पाण्यातून गेलेला सांधा दुसरा होता, म्हणजे या तिघांतला सगळ्यात वाईट. शिवाय मी तलावांना गडद निळा रंग दिला होता, त्यामुळे फिकट जमिनीवर न दिसलेली रेघ पाण्यावर उठून दिसली.

काही जण लेयर्स एकत्र वाढवत नाहीत. एकेक टाइल वेगळी उघडतात, इमेज साइझमधून मोठी करतात आणि मग चिकटवतात. तेव्हा प्रोग्रॅम ३५०.७२ चे सरळ ३५१ करतो. फट पडत नाही, पण प्रत्येक टाइल ०.२८ पिक्सेलने जास्त होते आणि दहाव्या टाइलपर्यंत पावणेतीन पिक्सेलचा फरक साचतो. चौकटीत बसवायला म्हणून कुठेतरी एक टाइल दुसरीवर चढवली जाते आणि नेमकी तिथे रस्त्याची कड तुटते. फरशी बसवताना गवंडी पहिल्या ओळीत केसभर चुकला की भिंतीपाशी अर्धा इंच मागेपुढे होतो, तसंच हे.

मग १२५ किंवा १५० टक्के केलं तर? २५६ चे बरोबर ३२० किंवा ३८४ होतात, अपूर्णांक राहत नाही आणि फट पडत नाही. तरीही मी असं करायला सांगणार नाही. चित्र लहान-मोठं करताना प्रोग्रॅम प्रत्येक पिक्सेलसाठी शेजारचे पिक्सेल बघतो. टाइल एकटी असली की कडेच्या पिक्सेलला पलीकडचा शेजारी मिळत नाही. सांध्यावर पडलेलं अक्षर दोन बाजूंनी दोन तऱ्हेने गुळगुळीत होतं. 'उपवन' या तलावाच्या नावातला 'व' असा मधोमध चिरल्यासारखा दिसतो.

उपाय एकच आहे: टाइल्स मूळ आकारातच जोडायच्या, सगळ्यांचा मिळून एक लेयर करायचा, आणि आकार बदलायचा तो त्यानंतर, एकदाच. एकदा एकसंध चित्र झालं की सांधा राहतच नाही, मग कितीही टक्के करा.

जोडताना काळजी एवढीच. नवं डॉक्युमेंट टाइल्सच्या बेरजेइतकं घ्या. १० बाय १४ असेल तर २५६० बाय ३५८४. ग्रिड २५६ पिक्सेलची लावा आणि स्नॅप चालू ठेवा. गिंप या फुकट प्रोग्रॅममध्ये ही सोय 'कॉन्फिगर ग्रिड' आणि 'स्नॅप टू ग्रिड' या नावांनी आहे. टाइल्स आणायला तिथे 'ओपन ॲज लेयर्स' वापरा. फोटोशॉपमध्ये 'प्लेस'ने आणत असाल तर एंटर दाबण्याआधी वरच्या पट्टीतले रुंदी-उंचीचे टक्के वाचा. ते १०० नसतील तर १०० करा, आणि प्रेफरन्सेसमधला 'रिसाइझ इमेज ड्युरिंग प्लेस' हा पर्याय बंद ठेवा. टाइल माउसने सरकवताना अर्ध्या पिक्सेलवर बसली तरी तीच रेघ पुन्हा येते, म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर राहू नका, ग्रिडला चिकटू द्या.

टाइल्स पंधरा-वीस असतील तोवर हे हाताने जमतं. शे-दोनशे झाल्या की हात चुकणारच. तिथे मी इमेजमॅजिक वापरते. ते फुकट आहे आणि कमांड लिहून चालवायचं आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही. एक्सवायझेड पद्धतीच्या (झूम, रकाना, ओळ अशा क्रमांकांनी ठेवलेल्या) टाइल्समध्ये झूमच्या फोल्डरात प्रत्येक उभ्या रकान्याचं एक फोल्डर असतं आणि त्यात वरून खाली एकेका ओळीची फाईल. ही रचना जोडायला अगदी सोयीची आहे. प्रत्येक फोल्डरातल्या फायली एकाखाली एक जोडून उभी पट्टी करायची. मग सगळ्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून जोडायच्या. कमांडमध्ये 'अपेंड' या शब्दाआधी उणे चिन्ह दिलं की चित्रं एकाखाली एक लागतात, अधिक चिन्ह दिलं की शेजारी शेजारी. यात आकार बदलत नाही, फट पडत नाही. १४ रकाने असतील तर १४ पट्ट्या आणि शेवटी एक चित्र.

याच फोल्डरांच्या रचनेतून दुसरी एक गडबड होते. सगळ्या टाइल्स एकाच फोल्डरात असाव्यात म्हणून लोक त्या उचलून एकत्र टाकतात. पण प्रत्येक रकान्यातल्या फायलींची नावं तीच असतात, कारण नाव म्हणजे ओळीचा क्रमांक. कॉम्प्युटर विचारतो, जुनी फाईल बदलायची का? घाईत 'हो' दाबलं जातं. १४ रकाने, प्रत्येकी २० ओळी, अशा २८० फायलींमधून शेवटी २० उरतात. एकत्र करायच्याच असतील तर आधी नावात रकान्याचा क्रमांक घाला. स्वतःचे क्रमांक देणार असाल तर १ ऐवजी ००१ लिहा, नाहीतर यादीत १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो.

ओळी उलट्या लागण्याचा प्रकार याहून फसवा, कारण प्रत्येक टाइल वेगळी बघितली तर अगदी बरोबर दिसते. ऐरोलीच्या माझ्या मैत्रिणीने ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याचा नकाशा करायला घेतला होता. तिच्या बऱ्याच टाइल्समध्ये नुसतं पाणीच. त्यामुळे चूक तिला कळलीच नाही. शेवटी ऐरोलीचा पूल खाडीच्या मधोमध तुटला आणि त्याचा उरलेला भाग भलतीकडेच निघाला, तेव्हा तिने फोन केला.

ओळी मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक्सवायझेडमध्ये शून्य क्रमांकाची ओळ उत्तरेकडे, सगळ्यात वर असते. टीएमएसमध्ये ती दक्षिणेकडे, सगळ्यात खाली. कुठली पद्धत आहे हे फाईलच्या नावावरूनच ओळखता येतं. झूम १७ ला पृथ्वीच्या नकाशाच्या १,३१,०७२ ओळी होतात, कारण प्रत्येक झूमला संख्या दुप्पट होते. तलावपाळीच्या, म्हणजे मासुंदाच्या काठच्या, परिसरात रकान्याचा क्रमांक ९२१०० च्या आसपास असतो. ओळीचा क्रमांक ५८४०० च्या आसपास असेल तर मोजणी वरून आहे. तो ७२६५० च्या आसपास दिसला तर खालून. बदलायचं सूत्र सोपं: १,३१,०७१ मधून क्रमांक वजा करा. पण दरवेळी नावं बदलत बसण्याची गरज नाही. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या प्रोग्रॅममधून टाइल्स तुम्हीच काढत असाल तर 'टीएमएस'चा पर्याय बंद ठेवून पुन्हा काढा. पट्टी जोडतानाच फायलींचा क्रम उलटा केला तरी काम होतं.

रंगाबद्दल थोडक्यात. जागा वाचावी म्हणून अनेक टाइल्स इंडेक्स्ड पीएनजी असतात, म्हणजे त्यांच्यात मोजकेच रंग असतात. गिंपमध्ये पहिली टाइल तशीच उघडून तिच्यातच बाकीच्या आणल्या, तर त्या बाकीच्यांचे रंग पहिलीच्या यादीत कोंबले जातात आणि एकाच तलावाचं पाणी दोन टाइल्समध्ये दोन छटांचं दिसतं. काहीही जोडण्याआधी मोड आरजीबी (सगळ्या रंगांचा) करा. आकार बदलायच्या आधी तर कराच, नाहीतर अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात.

रेघ गेली, ओळी जुळल्या, आता आकाराचा मूळ प्रश्न. मला उशिरा सुचलेली गोष्ट अशी, की हिशेब आधी केला तर आकार बदलायची गरजच उरत नाही. ए-थ्री उभा कागद ३०० पीपीआयला ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. कापणीसाठी चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड (कापली जाणारी जादा जागा) धरलं तर ३५७९ बाय ५०३२. आता १४ रकाने आणि २० ओळी घ्या: ३५८४ बाय ५१२०. ब्लीडसकट सगळं आत बसतं. झूम १७ ला ठाण्याच्या अक्षांशावर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर सुमारे १.१३ मीटर, म्हणून या कागदावर साधारण चार किलोमीटर रुंद आणि पावणेसहा किलोमीटर उंच भाग मावतो. मासुंदापासून उपवनपर्यंत, मधल्या कचराळी तलावासकट, सगळं आलं. मग फक्त क्रॉप करायचं, आणि इमेज साइझमध्ये 'रिसॅम्पल' (पिक्सेल नव्याने बनवणं) बंद ठेवून रिझोल्यूशन ३०० लिहायचं. एकही पिक्सेल बदलत नाही. आकार वाढवायला लागतोय असं दिसलं की थांबा आणि पुढच्या झूमच्या टाइल्स काढा.

असं केलं की एक नवी अडचण उभी राहते: अक्षरं बारीक होतात. टाइलवरची नावं चित्रातच भाजलेली असतात आणि ती पडद्यासाठी मापलेली असतात. दहा पिक्सेल उंचीचं अक्षर ३०० पीपीआयला छापलं की ०.८५ मिलिमीटरचं होतं. आमच्या फेरीत साठीपुढचे बरेच जण असतात. त्यांना ते वाचता येणं शक्यच नाही. इथे फोटोशॉप काही करू शकत नाही, टाइल्सच वेगळ्या काढायला हव्यात. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाचा डेटा क्यूजीआयएसमध्ये उघडून स्वतःची स्टाइल दिली असेल, तर एक्सवायझेड टाइल्स काढताना रुंदी-उंची ५१२ आणि डीपीआय ९६ ऐवजी १९२ करा. झूम एकाने कमी, म्हणजे १६ घ्या. ७ बाय १० अशा सत्तरच टाइल्समध्ये तोच भाग तेवढ्याच पिक्सेलमध्ये येतो आणि अक्षर दुप्पट, १.७ मिलिमीटरचं होतं. ७६८ आणि २८८ केलंत तर अडीच मिलिमीटर, पण त्या हिशेबाने झूमही पुन्हा बघावा लागतो. तिथेच 'मेटाटाइल'चा, म्हणजे एका वेळी किती टाइल्स एकत्र काढायच्या त्याचा, आकडा आहे. तो वाढवला की टाइलच्या कडेवर नावं कापली जाण्याचं प्रमाण कमी होतं. मात्र मेमरी जास्त लागते.

टाइल्स कुठून आणता हेही महत्त्वाचं आहे. ओपनस्ट्रीटमॅपच्या सार्वजनिक सर्व्हरवरून शेकड्यांनी टाइल्स उतरवून घ्यायला त्यांच्या धोरणात मनाई आहे. तो सर्व्हर देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतो. डेटा मात्र मोकळा आहे, त्यावरून आपला नकाशा आपणच काढावा आणि कोपऱ्यात 'ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते' असा उल्लेख करावा. तो क्रॉपमध्ये कापला जाणार नाही ना, हे बघा. आपल्या गल्लीतली विहीर किंवा पायवाट त्या नकाशात कुणीतरी स्वतः चालत जाऊन टाकलेली असते.

अंतराची पट्टी काढताना सहा टक्क्यांची एक चूक सर्रास होते. झूम १७ साठी एक पिक्सेल म्हणजे १.१९४ मीटर असं बऱ्याच तक्त्यांत लिहिलेलं असतं, पण तो आकडा विषुववृत्ताचा. ठाणे १९.२ अंश उत्तरेला आहे, म्हणून त्याला त्या अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे ०.९४४ ने गुणायचं. एक किलोमीटरची पट्टी ८८७ पिक्सेलची हवी; तक्त्यावरून काढली तर ८३७ ची होते आणि किलोमीटर म्हणून ९४४ मीटरच दाखवते. पायी चालणाऱ्या माणसाला हा फरक जाणवतो. पट्टी आकार बदलायच्या आधी, जोडलेल्या मूळ चित्रावरच काढा, म्हणजे पुढे चित्र लहान-मोठं झालं तरी तीही त्याच प्रमाणात होईल.

आता ज्यांच्या टाइल्स आधीच वाढवून झाल्यात, मूळ फायली हाताशी नाहीत आणि प्रेसवाला संध्याकाळी सहाला दुकान बंद करणार आहे, त्यांच्यासाठी. पांढरा बॅकग्राउंड लेयर लपवा किंवा काढून टाका. सगळ्या टाइल्स मिळून एक लेयर करा, पण फ्लॅटन (सगळं एका अपारदर्शक चित्रात बदलणं) करू नका, पारदर्शकता राहू द्या. मग त्या लेयरच्या दोन प्रती करून त्याच जागी राहू द्या. सांध्यातून २५ टक्के उघडं होतं. एक प्रत पडली की त्याचं सहा टक्के होतं, दुसरी पडली की दीड टक्का. तीन फुटी बोर्डावरही ते दिसत नाही. नंतर पांढरा लेयर परत आणून फ्लॅटन करा. जिथे पूर्ण एक पिक्सेल रिकामा आहे तिथे मात्र याचा उपयोग नाही. तिथे टाइल एक पिक्सेल सरकवावीच लागते. चिरलेलं 'व' सुद्धा याने सांधत नाही.

जोडलेलं मूळ चित्र, आकार न बदलता, पीएनजी किंवा टिफमध्ये वेगळं ठेवा. जेपेगमध्ये नको, अक्षरांभोवती डाग येतात. पीएसडी फाईल रुंदी-उंचीला ३०,००० पिक्सेलपर्यंतच जाते, त्यामुळे सगळ्या ठाणे शहराचा एकच मोठा नकाशा करायचा असेल तर हेही आधीच मोजून घ्या. आमच्या फेरीच्या नकाशाची ३५८४ बाय ५१२० ची फाईल मी आता तशीच जपून ठेवली आहे. यंदा सिद्धेश्वर तलावाकडे जाणारी वाट बदलली, तेव्हा तेवढ्या दोन टाइल्स नव्याने काढल्या, ग्रिडवर बसवल्या आणि बोर्ड त्याच दुपारी छापायला गेला.